दगडातली चकली

दिवाळीची चकली आपण सर्वांनीच पाहिली आहे. मधून निघालेला वेढा स्वतःभोवती फिरत फिरत मोठा होत जातो आणि त्याच्या अंगावर बारीक काटे उभे राहतात. आता अशीच एक चकली दगडात रुतलेली आहे, ती जेवणाच्या ताटाएवढी आहे, आणि तिचा प्रत्येक काटा म्हणजे कडेला करवतीसारखे दाते असलेला एकेक दात आहे, अशी कल्पना करा. अशा चकल्या पृथ्वीवर ठिकठिकाणी सापडल्या आहेत. त्या ज्या प्राण्याच्या आहेत त्याला शास्त्रज्ञांनी हेलिकोप्रियॉन असे नाव दिले. हेलिक्स म्हणजे वेढा आणि प्रियॉन म्हणजे करवत, हे दोन्ही शब्द ग्रीक भाषेतले. आपण मराठीत त्याला ‘वेढेकरवत्या’ म्हणू या. मात्र ही करवत त्या प्राण्याच्या अंगावर नेमकी कोठे होती, हे ठरवायला विद्वानांना शंभराहून अधिक वर्षे लागली. ते कोडे कसे पडले आणि कसे सुटले, त्याची ही हकिकत.

हकिकतीची सुरुवात रशियात होते. उरल पर्वताच्या पश्चिम उतारावर क्रास्नोउफिम्स्क नावाचे एक गाव आहे. त्या काळी ते पर्म प्रांतात मोडत असे. आज तो मुलूख समुद्रापासून फार दूर आहे. पण एके काळी तेथे समुद्र होता, आणि त्या समुद्राच्या तळाचा गाळ आज चुनखडीचा दगड होऊन बसला आहे. १८४१ साली मर्चिसन नावाच्या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने या भागातले खडक पाहून पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडाला पर्मियन हे नावच देऊन टाकले. ते नाव आजही सगळ्या जगात चालते.

या गावच्या परिसरात बेस्सोनोव्ह नावाचे एक गृहस्थ शाळांचे निरीक्षक होते. आपल्याकडे खेडेगावात ज्यांना पूर्वी दिपोटी म्हणत, आणि ज्यांची स्वारी येणार म्हटले की मास्तरांपासून मुलांपर्यंत सगळ्यांची धांदल उडे, तसलेच हे अधिकारी. भूशास्त्र हा काही त्यांचा धंदा नव्हे. पण दगडातली ही विलक्षण चकली त्यांच्या नजरेला पडली तेव्हा त्यांनी ती घराच्या ओसरीवर शोभेला मांडून ठेवली नाही. जो जाणकार आहे त्याच्याकडे ती पाठवली पाहिजे, एवढे त्यांनी ओळखले आणि तसे केले.

तो जाणकार म्हणजे अलेक्सांद्र कार्पिन्स्की. ते स्वतः उरलमध्येच जन्मलेले आणि खाणकामाचे इंजिनियर. पुढे १९१७ साली रशियाच्या विज्ञान अकादमीचे पहिले निवडून आलेले अध्यक्ष होण्याचा मान त्यांना मिळाला, आणि १९३६ साली मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते. कार्पिन्स्कींनी ते दगड बारकाईने तपासले, दातांचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि १८९९ साली त्यावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. हेलिकोप्रियॉन हे नाव त्यांनीच ठेवले. आणि ज्या जातीचा नमुना हाती आला होता तिला त्यांनी बेस्सोनोव्हांचे नाव दिले: हेलिकोप्रियॉन बेस्सोनोवी. एका शाळा-निरीक्षकाचे नाव अशा रीतीने विज्ञानाच्या पुस्तकात कायमचे जाऊन बसले.

हे दात माशाचे आहेत आणि तो मासा मुशीच्या गोतातला आहे, हे कार्पिन्स्कींनी ओळखले. मुशी किंवा मोरी आपल्या कोकणपट्टीला चांगली परिचयाची आहे. इंग्रजीत जिला शार्क म्हणतात तीच ही. पण बाकीचा मासा कोठे होता? येथेच सगळी अडचण होती, आणि ती नीट समजून घेतली म्हणजे पुढचा सारा घोळ आपोआप समजतो.

बांगडा किंवा रोहू खाताना काटे काढावे लागतात. मुशी खाताना तसे काटे लागत नाहीत, कारण तिच्या अंगात खरे हाडच नसते. तिचा सांगाडा कूर्चेचा असतो. कूर्चा म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर आपल्या कानाचा वरचा भाग बोटांनी वाकवून पाहा, किंवा नाकाचा शेंडा हलवून पाहा. हाडासारखा आधार देते, पण हाडाइतकी टणक नसते, ती कूर्चा. मासा मेला, तळाशी गेला, की ही कूर्चा बहुधा कुजून नाहीशी होते. दात मात्र कठीण असतात. ते गाळात रुततात आणि कोट्यवधी वर्षांनी दगड होऊन आपल्या हाती येतात. म्हणजे माणूस गेला, घर गेले, आणि मागे नुसती त्याची विळी सापडली, तसा हा प्रकार. त्या विळीवरून माणसाचे चित्र काढायचे!

शिवाय ही विळीही जगावेगळी. आजच्या मुशीचे दात झिजले की गळून पडतात आणि मागच्या ओळीतले नवे दात पुढे सरकतात. ज्या मुशींचे दात किनाऱ्यावर वा खडकात सुटे सापडतात ते असे गळलेलेच असतात. हेलिकोप्रियॉन आपले दात टाकीत नसे. नवा दात मागून यायचा, त्याच्या पुढचे दात पुढे आणि खाली सरकायचे, आणि सर्वात जुने दात आतल्या आत गुंडाळले जायचे. म्हणून चकलीच्या मधोमध पाहिले तर तिळाएवढे बारीक दात दिसतात. ते त्या माशाचे अगदी लहानपणचे दात. जसजसे बाहेर यावे तसतसे दात मोठे होत जातात, आणि शेवटच्या वेढ्यावर म्हातारपणचे दात. झाडाच्या खोडातल्या वलयांवरून झाडाचे आयुष्य वाचता येते ना, तसेच या वेढ्यात त्या माशाचे सगळे आयुष्य गुंडाळलेले आहे.

इतके असूनही ही गुंडाळी त्याने वागवली कोठे, ते काही दगडावर लिहिलेले नव्हते. कार्पिन्स्कींनी असे चित्र काढले की, माशाचा वरचा जबडा पुढे लांबून हत्तीच्या सोंडेसारखा वर वळला आहे आणि त्या वळणावर बाहेरच्या बाजूने दात आहेत. हे चित्र पाहून इतर विद्वानांच्या भुवया उंचावल्या. एवढा जड डोलारा नाकावर घेऊन मासा पोहेल कसा आणि खाईल कसा, असे त्यांचे म्हणणे. मग प्रत्येकाने आपापली जागा सुचवली. कोणी ती करवत पाठीवरच्या परावर बसवली, कोणी शेपटीवर बसवली, कोणी म्हणाले खालच्या जबड्याच्या टोकाला ती लोंबत असावी. अलीकडच्या काळात एका चित्रात ती थेट घशात नेऊन ठेवलेली होती. लग्नघरात आलेला मोठा हंडा ठेवायचा कोठे यावर जशी चर्चा चालते, तशीच ही चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालली.

आणि ही गफलत कार्पिन्स्कींच्या आधीच सुरू झाली होती, बरं का. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात गॅस्कॉइन नदीच्या खोऱ्यात अशाच दातांचा एक तुकडा सापडला होता. हेन्री वुडवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८८६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी तो माशाच्या परातला काटा असावा असे मानले होते. पूर्ण वेढा त्यांना पाहायला मिळालाच नव्हता, नुसता एक वाकडा तुकडा मिळाला होता. पुढे तो तुकडा याच हेलिकोप्रियॉनचा ठरला.

त्यानंतर अमेरिकेत, कॅनडात, मेक्सिकोत, चीनमध्ये, जपानमध्ये, कझाकस्तानात हेलिकोप्रियॉनचे अवशेष मिळत गेले. पण गंमत अशी की, नमुने वाढले तरी कोडे सुटेना. का सुटेना? कारण जो तो नमुना म्हणजे पुन्हा तेच, नुसते दात! एकच प्रश्न दहा वेळा विचारला म्हणून त्याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी वेगळा साक्षीदार लागतो. येथे तो साक्षीदार म्हणजे दातांबरोबर जबड्याची कूर्चा ज्यात टिकून राहिली आहे असा दगड.

तो दगड मिळाला अमेरिकेच्या आयडाहो राज्यात. आपले शेतकरी पिकाला सुपर फॉस्फेटचे खत घालतात, त्या खतासाठी फॉस्फेटचा दगड खणून काढावा लागतो. आयडाहोत अशा दगडाच्या मोठ्या खाणी आहेत, आणि तो दगडही पर्मियन काळातल्या समुद्राच्या तळाशीच तयार झालेला आहे. हेलिकोप्रियॉनचे जगातले सर्वात जास्त नमुने याच भागातून आले. खाणीत दगड फोडायचा, भरायचा आणि कारखान्यात धाडायचा, हा रोजचा क्रम. त्यात एखाद्या गोट्यावर दातांची ओळ दिसली आणि कोणी तो बाजूला काढला, तर तो वाचायचा; नाही तर त्याचे खत व्हायचे. १९५० साली मॉन्टपेलियर गावाजवळच्या वॉटरलू खाणीतून असाच एक गोटा बाजूला काढला गेला. त्यातला वेढा सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर रुंदीचा आणि वर थोडा. त्यावर दात मोजले तर ११७ भरले. आणि मुख्य म्हणजे, दातांच्या भोवती कूर्चेचे अवशेष होते.

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ बेंडिक्स-आल्मग्रेन यांनी हा दगड अभ्यासला आणि १९६६ साली आपला निष्कर्ष मांडला. वेढा खालच्या जबड्यात, दोन्ही बाजू जेथे मिळतात तेथे, मध्यभागी बसलेला होता, असे त्यांनी दाखवले. नाक, पाठ, शेपटी हे सगळे वाद एवढ्याने मिटायला हवे होते. पण कूर्चा दबून चेपलेली होती, आणि तिचा बराचसा भाग दगडाच्या पोटात दडलेला होता. दगड फोडून पाहावे तर पुरावाच नष्ट होणार. म्हणून काही शंका उरल्या, आणि चित्रकार आपापल्या परीने करवत पुढे-मागे सरकवीतच राहिले.

तो दगड मात्र आयडाहोच्या संग्रहालयात जपून ठेवलेला होता. काम झाले, प्रबंध छापला, आता हे धोंडे कशाला सांभाळायचे, असे कोणी म्हटले नाही. पुढे जवळजवळ अर्धे शतक गेले. तेवढ्या अवधीत सिटी स्कॅन हे यंत्र निघाले. डोक्याला मार लागला तर आज जिल्ह्याच्या दवाखान्यात जे यंत्र कवटी न उघडता आतले चित्र दाखवते, त्याच जातीच्या, पण अधिक शक्तिमान यंत्रात तो दगड टेक्सास विद्यापीठात नेऊन ठेवला. आयडाहोचे लीफ तापनिला आणि त्यांचे सहकारी यांनी त्या चित्रांवरून दगडाच्या पोटातला जबडा, एक कणही न फोडता, संगणकावर जुळवला, आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. कार्पिन्स्कींच्या प्रबंधाला तेव्हा ११४ वर्षे झाली होती.

काय दिसले त्यांना? वेढा खालच्या जबड्याच्या टोकाला लोंबत नव्हता. त्याने खालचा जबडा मागपासून पुढपर्यंत सबंध व्यापला होता, आणि दोन्ही बाजूंच्या कूर्चेने त्याला चिमट्यात धरल्यासारखे घट्ट धरले होते. त्यामुळे जुने दात बाहेर दिसत नसत, ते कूर्चेच्या आत असत. वरच्या जबड्याला दातच नव्हते. आणखी एक गोष्ट निघाली. वरचा जबडा कवटीला ज्या पद्धतीने जोडलेला होता, ती पद्धत आजच्या मुशींची नव्हे. तेव्हा हा प्राणी आजच्या मुशींचा पूर्वज ठरत नाही. खोल समुद्रात राहणारे काइमेरा नावाचे मासे आहेत, त्यांच्या कुळाशी त्याचे नाते जास्त जवळचे आहे. मुशी आणि काइमेरा हे दोघेही कूर्चेच्या सांगाड्याचे. म्हणून लोक हेलिकोप्रियॉनला मुशी म्हणत आले, आणि बोलताना आजही म्हणतात. पण वंशावळ मांडायची तर तो मुशीच्या घरचा नव्हे, चुलत घरचा.

मग हा मासा खात कसा असेल? वरचे दात नाहीत, आणि खाली एकच उभी करवत. आपण विळीवर भाजी चिरतो तेव्हा पाते एकच असते, आणि भाजी त्यावर दाबून सरकवावी लागते. येथे तसेच काहीसे होते. तोंड मिटताना करवतीचे दात नुसते वर येत नसत, ते मागच्या बाजूला ओढले जात. पुढचे दात भक्ष्याला अडकवून आत ओढीत, मधले त्याला भोसकीत आणि कापीत, आणि मागचे त्याला घशाकडे लोटीत. असे दात कठीण कवच फोडायला उपयोगाचे नव्हेत. दातांवर झीजही फारशी आढळत नाही. यावरून तो माकूलसारखे मऊ अंगाचे प्राणी खात असावा, असे मानतात. गंडकी नदीतला शाळिग्राम आपल्याकडे देवघरात असतो. त्याच्या आत जे चक्र दिसते ते अशाच मऊ अंगाच्या एका शंखधारी समुद्रजीवाचे आहे. शाळिग्रामातले जीव पुष्कळ नंतरचे. पण त्यांचे पूर्वज आणि भाऊबंद पर्मियन समुद्रात विपुल होते. चक्राकार शंखातले जीव आणि चक्राकार दातांचा मासा एकाच पाण्यात वावरत होते. मोठ्यात मोठे वेढे अर्ध्या मीटरहून जास्त रुंद मिळाले आहेत. त्यावरून मोठा मासा २०-२५ फूट लांब असावा असा अंदाज करतात. हा अंदाजच आहे, कारण सबंध मासा कोणीच पाहिलेला नाही.

हे सारे घडले ते सुमारे २९ कोटी ते २७ कोटी वर्षांपूर्वी. हा आकडा ऐकून मन गोंधळते, म्हणून आपल्या ओळखीची एक खूण सांगतो. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हापासून झाला तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. हेलिकोप्रियॉन त्याच्याही वीस कोटी वर्षे आधीचा. तेव्हा सह्याद्री नव्हता. आपली भूमी दक्षिणेकडच्या एका विशाल खंडाचा भाग होती, आणि ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका तिला जोडलेले होते. चंद्रपूर भागात, वर्धा नदीच्या खोऱ्यात जो दगडी कोळसा निघतो, तो त्याच पर्मियन काळातल्या दलदलीतल्या वनांचा आहे. तेव्हा चंद्रपूरच्या कोळशाचा एक खडा हातात घेतला, तर ज्या काळात वेढेकरवत्या उरलच्या समुद्रात पोहत होता त्या काळातले झाडच आपण हातात घेतले आहे, असे समजायला हरकत नाही.

आता एक प्रश्न शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विचारावासा वाटतो. कार्पिन्स्कींचे सोंडेचे चित्र चुकले, म्हणून त्यांचे काम वाया गेले काय? मुळीच नाही. त्यांनी आपल्या पुस्तकात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. दगडात जे दिसते त्याची बारीक वर्णने आणि हुबेहूब चित्रे एकीकडे, आणि त्यावरून बांधलेला तर्क दुसरीकडे. तर्क चुकला तरी वर्णन टिकले, आणि त्या वर्णनाच्या आधारानेच पुढच्यांनी तर्क सुधारला. वर्गात मुलांना आपण हीच सवय लावू शकतो. पाटीवर दोन रकाने आखायचे: एकात ‘मी काय पाहिले’, दुसऱ्यात ‘मला काय वाटते’. दुसरा रकाना पुसावा लागला तर त्यात लाज नाही. पहिला रकाना मात्र खरा असला पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे दगड जपण्याची. हे उदाहरण फक्त रशियाचे किंवा अमेरिकेचे नाही. स्टीफन हिस्लॉप हे नागपूरला आलेले मिशनरी आणि शिक्षक. त्यांच्या नावाचे महाविद्यालय तेथे आजही आहे. शाळा आणि धर्मकार्य सांभाळून त्यांनी नागपूरजवळ टाकळीला आणि आसपासच्या मुलखात जीवाश्म गोळा केले. वर्धा खोऱ्यातल्या मांगलीहून मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची, म्हणजे बेडकासारख्या जलथलवासी प्राण्याची, कवटी त्यांनी लंडनला पाठवली, आणि १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन केले. १८६३ साली हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून वारले. त्यांनी जपलेले दगड मात्र विदर्भाचा प्राचीन इतिहास सांगत राहिले.

म्हणून विहीर खणताना, रस्त्यासाठी खडी फोडताना, नाल्याची दरड कोसळल्यावर दगडात पान, शिंपला, हाड किंवा दात दिसला, तर तो घाईने फोडू नका आणि घासूनपुसून स्वच्छही करू नका. तो कोठे मिळाला, किती खोलीवर मिळाला, कोणत्या तारखेला मिळाला, हे एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी दगडाबरोबर ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा संग्रहालयाला कळवा. ठिकाण न सांगता आलेला दगड म्हणजे पत्ता फाटलेले पत्र. वाचायला मिळते, पण कोणी कोठून लिहिले ते कळत नाही. क्रास्नोउफिम्स्कच्या शाळा-निरीक्षकाने आपला दगड पत्त्यासकट पाठवला, आणि वॉटरलू खाणीतला गोटा फॉस्फेटबरोबर दळला गेला नाही, म्हणून २७ कोटी वर्षांपूर्वी मिटलेले एक तोंड आपल्याला आज उघडून पाहता आले.